बटाटा म्हणजे वाटण नव्हे

उकडलेला बटाटा मऊसूत, एकही गुठळी न राहता कसा करायचा, असं कुणी विचारायचा अवकाश, चारी बाजूंनी एकच उत्तर येतं : "त्यात काय एवढं? मिक्सरला लावा!" हे उत्तर शेजारीण देते, ऑफिसातला सहकारी देतो, अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओतली सुगरण देते आणि ज्याने जन्मात बटाट्याचं साल काढलेलं नाही असा एखादा काकाही सोफ्यावरून मान न वळवता देतो. इतक्या लोकांचं इतकं एकमत आपल्याकडे दुसऱ्या कुठल्याच विषयावर होत नाही. दुर्दैव एवढंच की ते साफ चुकीचं आहे.

विरोधकांचं म्हणणं आधी मीच नीट मांडतो, म्हणजे मागाहून "आम्ही असं म्हटलंच नव्हतं" म्हणायला जागा राहायला नको. मऊ करणं म्हणजे बारीक करणं. बारीक करायचं यंत्र म्हणजे मिक्सर. तेव्हा बटाटा उकडा, भांड्यात टाका, बटण फिरवा, संपलं. चाळणीतून गाळणं, पुरणयंत्र फिरवणं, परदेशी दुकानातलं ते दोन दांड्यांचं राइसर विकत घेणं, हे सगळे हॉटेलवाल्यांचे आणि रिकामटेकड्यांचे नखरे. बटाटा कुठलाही चालतो. उकडायचा कसा हा प्रश्नच नाही, कुकर आहे ना! एवढं करूनही काही बिघडलंच, तर वरून लोणी आणि दूध ओता, सगळं झाकलं जातं. यावर कुणी हूं की चूं केलं तर शेवटचं अस्त्र तयार असतं : "आम्हाला बाई गुठळ्याच आवडतात, घरगुती वाटतं." मिक्सरने एकसुद्धा गुठळी राहत नाही आणि गुठळ्याच छान लागतात, ही दोन्ही विधानं एकाच तोंडून एकाच जेवणात निघतात, याचं मला नेहमी कौतुक वाटतं.

बारीक करण्याच्या कल्पनेपासूनच सुरुवात करू, कारण सगळी गडबड तिथे आहे. बटाटा हा एकसंध गोळा नसतो. तो असंख्य सूक्ष्म पेशींचा बनलेला असतो. प्रत्येक पेशीत स्टार्चचे कण भरलेले असतात आणि पेशींना एकमेकींशी धरून ठेवायला मध्ये पेक्टिन असतं. विटांची भिंत असावी तसा हा मामला आहे : पेशी म्हणजे विटा, पेक्टिन म्हणजे चुना. पाणी तापत तापत ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या घरात गेलं की पेशींच्या आतला स्टार्च पाणी पिऊन फुगतो. उष्णता आणखी वाढून उकळीच्या जवळ गेली की मधलं पेक्टिन सुटायला लागतं. चिंच किंवा कोकम आधी घातलं तर रश्शातला बटाटा शिजता शिजत नाही, म्हणून आंबट मागाहून घालायचं, हे आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. त्याचं कारणही हेच : आंबटात पेक्टिन सहजी सुटत नाही. तर बटाटा शिजला याचा अर्थ चुना सुटला. आता काम उरतं विटा हलक्या हाताने सुट्या करण्याचं. फोडण्याचं नाही. जिभेला जो मऊपणा लागतो तो या सुट्या झालेल्या, पण अख्ख्या राहिलेल्या पेशींचा.

आता यात मिनिटाला हजारो फेरे घेणारं पातं सोडा. त्याला पेक्टिन कळत नाही, पेशी कळत नाही. समोर येईल ते चिरत जाणं एवढंच त्याला ठाऊक. पेशी फुटतात, आतला फुगलेला स्टार्च बाहेर सांडतो, पाण्यात मिसळतो आणि तयार होते खळ. शब्दशः खळ. बटाट्याचा स्टार्च कागदाच्या आणि कापडाच्या धंद्यात खळीसाठी आणि चिकटवण्यासाठीच वापरला जातो. तो तिथे उत्तम काम करतो कारण तो चिकटतो, आणि तुमच्या भांड्यातही तो त्याच निष्ठेने चिकटतो. चमचा उचलला की तार येते, टाळूला थर बसतो, गिळताना घोट अडतो. गुठळी गेली हे कबूल. पण गुठळी जाऊन खळ आली, याला प्रगती कुठल्या हिशेबाने म्हणायचं?

यावर एक हमखास युक्तिवाद येतो : "आम्ही तर नेहमी मिक्सरलाच लावतो, काही चिकट-बिकट होत नाही." होत नाही कारण तुम्ही त्यात वाटीवाटीने दूध ओतता. खळ पातळ केली की तिचा चिकटपणा कमी जाणवतो, बस. त्या पदार्थाला सूप म्हणतात. सूप करायचं असेल तर खुशाल करा, वाडग्यात वाढा, वर मिरपूड घाला. ताटलीत वाढून त्याला मॅश्ड पोटॅटो मात्र म्हणू नका.

मिक्सरशी माझं वैर नाही. आपला मिक्सर जन्मालाच फोडण्यासाठी आला. १९६० च्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर या इंजिनिअरने, घरातलं परदेशी यंत्र भारतीय स्वयंपाकापुढे टिकत नाही असं पाहून, आपल्या वाटणाला झेपेल असा मिक्सर घडवला. 'सुमीत' या नावाने तो घरोघर पोचला आणि त्याने लाखो मनगटांचे कष्ट वाचवले. ओलं खोबरं, लाल मिरची, भिजलेली डाळ, भाजलेले धणे यांच्या पेशी फुटल्याशिवाय वास सुटत नाही, चव सुटत नाही. तिथे फोडणं हाच स्वयंपाक. चटणीला जो न्याय तोच बटाट्याला लावायचा हे कुणी ठरवलं? पोळी लाटायला लाटणं लागतं म्हणून कुणी भातावर लाटणं फिरवत नाही. बटाट्याच्याच बाबतीत ही समज कुठे जाते?

"पण मोठमोठे कारखानेसुद्धा यंत्रानेच करतात ना?" हाही प्रश्न येतो, आणि तो आला की मला आनंद होतो, कारण विरोधकांचा हा सगळ्यात कच्चा मोहरा आहे. गरम पाणी घातलं की तयार होणारा, पाकिटातला सुका मॅश्ड पोटॅटो बाजारात मिळतो. त्याच्या फ्लेक्सची पद्धत १९५० च्या दशकात फिलाडेल्फियाजवळच्या अमेरिकी कृषिखात्याच्या प्रयोगशाळेत बसवली गेली. त्या शास्त्रज्ञांना विजेची टंचाई नव्हती, मोटरींची तर नव्हतीच. वाटलं असतं तर त्यांनी बैलगाडीएवढा मिक्सर लावला असता. त्यांनी काय केलं? बटाट्याच्या चकत्या आधी ७० अंशांच्या आसपास वीसेक मिनिटं पाण्यात ठेवल्या, मग गार केल्या, मग वाफवल्या आणि मग छिद्रांतून दाबून काढल्या. पहिल्या मंद आचेत पेशींच्या भिंती बळकट होतात. नंतरच्या गारव्यात आतला स्टार्च असा बसतो की पुन्हा सहज सांडत नाही. एवढी काळजी घेऊनही थोड्या पेशी फुटणारच, म्हणून सुटलेल्या स्टार्चला आवरायला ते त्यात मोनोग्लिसराइडसारखा पदार्थ घालतात. म्हणजे ज्या उद्योगाच्या हाताशी जगातली सगळी पाती आहेत, तो पेशी फुटू नये म्हणून जिवाचा आटापिटा करतो. आणि आपण मात्र शास्त्र खिशात असल्याच्या थाटात बटण फिरवतो!

आता 'हॉटेलवाल्यांचे नखरे' या आरोपाकडे वळू. हॉटेलांत या पदार्थाचं सगळ्यात गाजलेलं नाव जोएल रोब्यूशाँ यांचं. १९८१ च्या अखेरीस पॅरिसमध्ये 'जामँ' हे त्यांचं रेस्तराँ सुरू झालं, १९८४ पर्यंत त्याला मिशलँचे तीन तारे मिळाले, आणि तिथल्या ज्या पदार्थांची जगभर चर्चा झाली त्यांत पुढच्या रांगेत होती बटाट्याची साधी प्यूरे. तिची प्रसिद्ध झालेली कृती कुणालाही वाचता येते : एक किलो 'रात' जातीचे लहान बटाटे, पाव किलो लोणी, दोनशे ते तीनशे मिलिलीटर दूध आणि मीठ. बटाटे सालासकट, गार पाण्यात मीठ घालून चढवायचे. शिजले की गरम असतानाच सोलायचे. हाताने फिरवायच्या भाजी-चक्कीच्या बारीक जाळीतून काढायचे. पातेल्यात परतून त्यातली वाफ उडवायची. मग थंड लोण्याचे तुकडे थोडे थोडे घालत लाकडी उलथन्याने घोटायचं आणि शेवटी उकळतं दूध बारीक धारेने सोडायचं. आणखी तलम हवं तर बारीक चाळणीतून दाबून काढायचं. यात वीज कुठे आहे? पातं कुठे आहे? तीन तारे मिळवणाऱ्या माणसाला मिक्सर परवडत नव्हता, असं विरोधकांचं म्हणणं आहे का?

त्यातली ती भाजी-चक्कीसुद्धा हॉटेलात जन्मली नाही, ती घरात जन्मली. फ्रान्सच्या जाँ मांतले यांनी १९३२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. बायकोच्या हातची बटाट्याची प्यूरे गुठळ्यांची होई, त्यातून त्यांना हे सुचलं, असं सांगतात. पत्र्याचं भांडं, तळाला जाळी, वर फिरणारं तिरकं पान आणि एक दांडा. ही चक्की घरोघर इतकी खपली की तिच्याच जोरावर पुढे मूलिनेक्स हा विजेच्या उपकरणांचा मोठा कारखाना उभा राहिला. म्हणजे ज्याला आपण नखरा म्हणून हिणवतो, ते साध्या संसारातल्या अडचणीवर काढलेलं स्वस्त उत्तर होतं.

पण फ्रान्सपर्यंत जायचं तरी कशाला? भांडं, तळाला जाळी, वर फिरणारं पान आणि दांडा, हे वर्णन वाचून कुठल्याही मराठी घरातल्या माणसाला काय आठवायला हवं? पुरणयंत्र! ते होळीला माळ्यावरून उतरतं, पुरण काढून झालं की घासूनपुसून पुन्हा माळ्यावर चढतं, आणि वर्षभर घरातली मंडळी व्हिडिओत परदेशी चक्की बघून "आपल्याकडे असं काही मिळत नाही" असा सुस्कारा सोडतात. शिजलेली हरभऱ्याची डाळ ज्या जाळीतून गुठळीविना उतरते, तिच्यातून बटाटा उतरणार नाही? बारीक जाळी लावा, गरम बटाटा टाका, दांडा सावकाश फिरवा, तळाशी साचलेलं मध्येमध्ये खरवडा. जाळीवर बटाटा उगाच घासत बसू नका. खाली गेलेलं पुन्हा वर घालू नका.

त्याहून सरस उत्तर चकलीच्या डब्यात पडलेलं आहे. राइसर म्हणजे काय? छिद्रांची चकती असलेलं भांडं आणि वरून सरळ दाबणारा दट्ट्या. आपला सोऱ्या याहून वेगळा काय आहे? शेवेची चकती बसवा, सोललेला गरम बटाटा भरा आणि दाबा. पुरणयंत्रात पान फिरताना थोडं घासलं जातंच. सोऱ्यात बटाटा सरळ खाली ढकलला जातो, छिद्रातून जाताना पेशी सुट्या होतात, आणि एकदा गेलेल्या बटाट्याला पुन्हा कुणी हात लावत नाही. म्हणून कमीत कमी चिकटपणा हवा असेल तर सोऱ्या, भराभर जास्त प्रमाणात करायचं असेल तर पुरणयंत्र, आणि पाहुण्यांपुढे मिरवायचं असेल तर यातलं काहीही वापरून वर बारीक चाळणीतून एकदा दाबून घ्या. दिवाळीचा सोऱ्या, होळीचं पुरणयंत्र आणि रोजची चाळणी, अशी सगळी हत्यारं घरात असलेला माणूस मिक्सरकडे धावतो, तेव्हा अडचण साधनांची नसते, डोळ्यांवरच्या झापडांची असते.

पावभाजीचा मॅशर मी यातून मुद्दाम वगळला आहे. तो वाईट नाही, पण तलम बटाटा हे त्याचं काम नाही. त्याच्या दांड्यांमधून अख्खे तुकडे निसटतात, ते निसटले म्हणून आपण पुन्हा ठेचतो, आणि जे आधीच मऊ झालेलं असतं तेच पुन्हापुन्हा भरडलं जातं. शेवट दोन्हीकडून नुकसानीचा : निम्म्या गुठळ्या, निम्मी खळ. "पण गाडीवरचा भाजीवाला तर तव्यावर किती वेळ ठेचत असतो!" बरोबर. त्याला भाजी दाट आणि मिळून आलेली हवी असते, सुटलेला स्टार्च त्याच्या कामाचा असतो. उपासाचे बटाट्याचे पापड करणाऱ्या बायकाही उकडलेला बटाटा मळून मळून चिकट करतात, नाहीतर पापड लाटताना फुटतो. यातून एकच सिद्ध होतं : बटाटा रगडला की चिकटतो, हे आपल्या स्वयंपाकघरांना पहिल्यापासून ठाऊक आहे. पापडाच्या वेळी जी गोष्ट आपण हेतूने करतो, तीच मॅश करताना अजाणता करून "असा का झाला?" म्हणून विचारतो.

"बटाटा कुठलाही चालतो" हा पुढचा दावा. चालतो, वाईट मॅशला चालतो. बटाट्यात पाणी किती आणि स्टार्चसारखा घट्ट भाग किती, यावर सगळं अवलंबून असतं. स्टार्च जास्त असलेला बटाटा शिजल्यावर भुसभुशीत होतो, पेशी आपोआप सुट्या व्हायला बघतात. पाणी जास्त असलेला शिजूनही घट्ट राहतो, त्याला सुटा करायला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की पुढचं रामायण आलंच. म्हणून इंग्लंडात मॅशसाठी मारिस पायपर किंवा किंग एडवर्ड मागतात, अमेरिकेत रसेट. आपल्याकडेही सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने काढलेल्या कुफ्री जातींमध्ये हा फरक आहे : चिप्ससाठी तयार केलेल्या कुफ्री चिपसोनात घट्ट भाग जास्त, लवकर तयार होणाऱ्या कुफ्री पुखराजमध्ये कमी. आता कांदे-बटाटेवाला जात सांगणार नाही, तो फार तर 'आग्रा' किंवा 'इंदूर' म्हणेल, हे मलाही माहीत आहे. पण नखाने साल निघणारा कोवळा नवा बटाटा मॅशसाठी टाळायचा, एवढं तर डोळ्यांना कळतं? आणि घरी पारख करायचीच असेल तर एक वाटी मीठ अकरा वाट्या पाण्यात विरघळवून त्यात बटाटा सोडा. बुडेल तो भुसभुशीत, तरंगेल तो रश्शाच्या भाजीचा. शीतगृहातून येऊन गोडसर लागणाऱ्या बटाट्याची ओळख तर आपल्या सगळ्यांना आहेच. फार थंडीत ठेवला की त्यातला काही स्टार्च साखर होतो. तो बटाटा मॅशला घेऊन वर मीठ-मिरपूड वाढवत बसण्यात काय शहाणपण आहे?

"कुकर आहे ना" हे उत्तर ऐकलं की मात्र माझा तोल जातो. कुकर उत्तम वस्तू आहे, पण त्यात बटाटे पाण्यात बुडवून वर चार शिट्ट्या केल्या की साली फुटतात, आत पाणी शिरतं, बाहेरचा थर विरघळतो आणि मधला गाभा कधीकधी तरीही कचकचीत राहतो. गुठळ्या येतात त्या याच कच्च्या गाभ्यातून. अर्धवट शिजलेली गुठळी जगातल्या कुठल्याही यंत्राने मऊ होत नाही, तिचे फक्त बारीक खडे होतात. कुकरच हवा असेल तर सारख्या आकाराचे बटाटे सालासकट, कोरड्या भांड्यात, पाण्याच्या वर ठेवा आणि वाफ आपोआप जाऊ द्या. त्याहून बरं म्हणजे साधं पातेलं. गार पाण्यापासून सुरुवात करा, म्हणजे उष्णता आतपर्यंत सावकाश पोचते. उकळत्या पाण्यात टाकलेला बटाटा बाहेरून ओघळतो तेव्हा आतून नुकता तापत असतो. सुरी रुतवली तर विनासायास पार जायला हवी. मग पाणी पूर्ण काढा आणि सोललेला बटाटा मंद आचेवर पातेल्यात मिनिट-दोन मिनिटं हलवत वाफ जाऊ द्या. ज्या पेशीत आधीच पाणी भरलंय तिच्यात लोणी काय शिरणार?

हौस आणखी असेल तर त्या प्रयोगशाळेतली युक्ती घरीही चालते. इंग्लंडचे हेस्टन ब्लुमेन्थल यांनी ती घरगुती स्वयंपाकात लोकप्रिय केली. सोललेल्या चकत्या ७० अंशांच्या पाण्यात अर्धा तास, मग नळाखाली गार, मग नेहमीसारखं शिजवणं. रोज करावं असं माझं म्हणणं नाही. पण बटाट्याला गुण पात्याने येत नाही, उष्णता कधी आणि किती दिली यावरून येतो, हे एकदा करून पाहिल्यावर दुसऱ्या पुराव्याची गरज उरत नाही.

लोण्याने सगळं झाकलं जातं, ही तर शुद्ध अंधश्रद्धा. लोणी खळीत घातलं की लोणकट खळ होते. लोण्याचा उपयोग झाकण्यासाठी नाही, वेळेवर आवर घालण्यासाठी असतो. गरम, कोरड्या, नुकत्याच जाळीतून पडलेल्या बटाट्यात आधी लोणी गेलं की पेशींवर आणि थोड्याफार सांडलेल्या स्टार्चवर त्याचा लेप बसतो, नंतरच्या दुधातल्या पाण्याशी त्या स्टार्चला खेळायला कमी वाव राहतो. म्हणून आधी लोणी, मग दूध, आणि दूध कढत. फ्रिजमधून काढलेलं दूध ओतलं की सगळं गार पडतं, आणि गार पडलेला स्टार्च आवळून बसतो. काल उरलेला बटाटा आज खरखरीत का लागतो, याचंही कारण तेच. गार बटाटा किसणीवर किसून घ्या, म्हणजे गुठळी राहत नाही, असं सुचवणारेही भेटतात. पराठ्याला तो कीस उत्तम, पण तलम प्यूरे त्यातून होत नाही, आधीच आवळलेल्या स्टार्चचे बारीक कण जिभेला लागत राहतात. गरम असतानाच काढा, गरम असतानाच कालवा, गरम असतानाच वाढा.

राहिल्या गुठळ्या, त्या 'घरगुती' गुठळ्या. बटाटेवड्याच्या सारणात गुठळी हवीच. तिथे बटाटा हाताने कुस्करायचा असतो, दाताखाली तुकडा आला पाहिजे, तलम सारणाचा वडा मी तरी परत पाठवीन. पण वड्यातली गुठळी कुणीतरी ठरवून ठेवलेली असते, मॅशमधली चुकून राहिलेली असते. चुकून राहिलेल्या गोष्टीला घरगुती म्हणायचं, तर करपलेली पोळी घरगुती आणि खारट आमटी अतिघरगुती. घराची याहून मोठी बदनामी हॉटेलवाल्यांनीही कधी केली नसेल. १७४७ साली लंडनमध्ये हॅना ग्लास यांनी घरच्या स्वयंपाकासाठी लिहिलेल्या पुस्तकात दूध-लोण्यातल्या कुस्करलेल्या बटाट्याची कृती आहे. घरगुती या शब्दावर हक्क सांगायचा तर तो काळजीपूर्वक करणाऱ्यांनीच सांगावा.

आणि घरात हा पदार्थ मुख्यतः खातं कोण? दात न आलेलं बाळ, दात गेलेली आजी, आजारातून उठलेला माणूस. त्यांना गुठळीही नको आणि खळही नको. गिळण्याचा त्रास असलेल्यांसाठी अन्नाचा पोत कसा असावा हे ठरवणारी आयडीडीएसआय ही आंतरराष्ट्रीय चौकट आहे. तिच्या चौथ्या पातळीवरच्या, म्हणजे प्यूरे केलेल्या अन्नाला दोन्ही अटी आहेत : त्यात गुठळ्या नकोत आणि ते चिकट नको. मिक्सरवाले पहिली अट पाळून दुसरी पार बुडवतात, गुठळीवाले पहिलीच धुडकावतात. ज्यांना चिकट घास घशात अडकल्यावर स्वतःला सोडवता येत नाही, त्यांच्या ताटात आपण आळसाला 'झटपट' नाव देऊन वाढायचं, हे कुठल्या मायेत बसतं?

शेवटी ते दोन मुद्दे, जे आले की समोरचा गप्प बसेल अशी विरोधकांची खात्री असते. पहिला, "वेळ कुणाला आहे?" उकडायला लागणारा वेळ दोन्हीकडे सारखाच. सोऱ्यातून किलोभर बटाटा काढायला काही मिनिटं लागतात. मिक्सरचं भांडं एका मिनिटात फिरतं खरं, पण पात्याखाली घट्ट बसलेली खळ, झाकणाचं रबर, भांड्याचा तळ, हे घासायला किती वेळ जातो तो हिशेबात कोण धरणार? भांडी घासणाऱ्या बाईंना विचारून पाहा. दुसरा मुद्दा याहून तिखट : "तुम्ही बायकांना पुन्हा पाट्या-वरवंट्याकडे नेताय." मुळीच नाही. पाटा-वरवंटा गेला हे फार छान झालं, तो परत येऊ नये. पण सोऱ्या दाबायला लागते ती मनगटातली ताकद, आणि ती बऱ्याच घरांत जेवणाच्या वेळेपर्यंत सोफ्यावर बिनकामाची पडलेली असते. तिला उठवा. "मिक्सरला लावा" असं तिथूनच तर ओरडणं चाललेलं होतं.

तेव्हा पुन्हा एकदा, स्पष्ट शब्दांत. मऊपणा वेगातून येत नाही. योग्य बटाटा, सावकाश आणि पुरती शिजवण, कोरडं करणं, गरम असताना एकदाच जाळीतून दाबणं, आधी लोणी, मग कढत दूध, आणि तिथे हात आवरणं : यातली एकही पायरी महाग नाही, अवघड नाही, परदेशी नाही. अवघड आहे ते फक्त हात आवरणं, आणि तेवढं एकच काम मिक्सरला येत नाही. त्याला चटणी द्या, वाटण द्या, इडलीचं पीठ द्या, तो आनंदाने करील. ज्यांना अजूनही बटाटा त्यातच घालायचा असेल त्यांनी तो खुशाल घालावा, फक्त जेवायला कुणाला बोलावू नये. तयार होईल त्याने आकाशकंदिलाचे कागद चिकटवावेत, ते पुढच्या दिवाळीपर्यंत सुटायचे नाहीत.